१०६४ लावला म्हणून गावाचा पैसा परत येत नाही

भंडाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा हाच: “गावाचा निधी खाल्ला? १०६४ लावा. एसीबी २४ तासांत धाड टाकते. पकडलेल्याची नोकरी त्याच दिवशी जाते, घरदार जप्त होतं आणि खाल्लेला पैसा ९० दिवसांत ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा होतो. सापळ्यासाठी दिलेल्या नोटा मात्र विसरा, त्या परत मिळत नाहीत. आणि आधी लाच दिली असेल तर तोंड उघडू नका, तुम्हीच आत जाल.”

यातला फोन नंबर तेवढा बरोबर आहे. १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचाच (एसीबीचाच) टोल फ्री क्रमांक. बाकी मजकुरात लाच आणि अपहार या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. घरकुलाच्या हप्त्यासाठी कोणी दहा हजार मागितले, ही लाच. पैसा तुमच्या खिशातून जातो. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ न काढताच बिल उचललं, हा अपहार. पैसा तिजोरीतून जातो. पहिल्याला सापळा लागतो, दुसऱ्याला कागद. मजकूर वाचून लोक दुसऱ्या रोगाला पहिल्याचं औषध मागायला जातात आणि हात हलवत परततात.

“२४ तासांत धाड.” विभाग धाड टाकत नाही, सापळा लावतो, आणि सापळ्याआधी पडताळणी असते. विदर्भात विभागाची नागपूर आणि अमरावती अशी दोन परिक्षेत्रं आहेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस उपअधीक्षकांचं पथक. तक्रारदाराने लेखी तक्रार दिली की त्याला रेकॉर्डर देऊन, सोबत सरकारी पंच देऊन, लोकसेवकाकडे पाठवतात. मागणी त्याच्या तोंडून यायला हवी. वर्तमानपत्रातल्या बातमीत “तडजोडीअंती आठ हजार स्वीकारण्याचे मान्य केले” असं वाक्य असतं, ते या टप्प्याचं. त्यानंतर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची किंवा अँथ्रासिनची पूड लावतात. पहिली पूड लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. दुसरी अतिनील दिव्याखाली चमकते. तक्रारदाराला बजावलेलं असतं: हस्तांदोलन करू नका, मागितल्याशिवाय पैसे काढू नका, घेतल्यावर ठरलेली खूण करा.

हे सगळं एका दिवसात उरकतं तेव्हा उरकतं. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. तिथल्या तक्रारदाराचा एक दिवस जाण्यायेण्यातच जातो. आणि साहेब दौऱ्यावर गेले, किंवा “पुढच्या सोमवारी या” म्हणाले, तर पथकाला थांबावंच लागतं.

सापळा फसतो तो बहुतेक वेळा मागणीवर. घाबरलेला किंवा उतावळा तक्रारदार दारातूनच म्हणतो, “साहेब, तुमचे पैसे आणले.” साहेब टेबलाकडे बोट दाखवतात, नोटा रजिस्टरखाली जातात, पाणी गुलाबी होतच नाही. नुसती नोट सापडणं पुरेसं नसतं, मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की तक्रारदार उलटला किंवा मरण पावला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध करता येते. पण काहीतरी पुरावा हवाच. पैसे थेट न घेता झेरॉक्सवाल्याकडे ठेवायला सांगणं हीही जुनी पद्धत. बातमीत तो “खासगी इसम” म्हणून येतो आणि त्याच्यावर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७अ लागतं.

तुमच्याकडे आधीचं फोन रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन जपा. क्लिप कापून, नाव लिहून, गटावर टाकून मूळ फाईल उडवली की तिचं मोल घटतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ उपकरणाशी बांधलेलं असतं. शिवाय क्लिप गटावर गेली की साहेबही सावध होतात, हे वेगळं सांगायला नको.

“नोकरी त्याच दिवशी जाते.” जात नाही. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिलेला शासकीय कर्मचारी निलंबित मानला जातो, आणि निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. निर्वाह भत्ता चालू राहतो. खटल्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ ची मंजुरी लागते, ती तीन महिन्यांत आणि जास्तीत जास्त आणखी एका महिन्यात द्यायची असते. लाच घेतल्याचं सिद्ध झालं तर कलम ७ खाली तीन ते सात वर्षं. नोकरी जाते ती विभागीय चौकशीनंतर किंवा दोषसिद्धीनंतर.

“घरदार जप्त होतं.” पाच हजारांच्या सापळ्यात घर जप्त होत नाही. घरझडती होते, आणि तीत उत्पन्नाशी मेळ न बसणारं काही दिसलं तर उघड चौकशी सुरू होते, ती अपसंपदेची. तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आधी एक परीक्षण कालावधी ठरवतात. त्या काळातलं ज्ञात उत्पन्न समजा ८० लाख, घरखर्च ५० लाख. म्हणजे शिल्लक ३० लाख असायला हवी. प्रत्यक्षात मालमत्ता ५५ लाखांनी वाढली, तर अपसंपदा २५ लाख, म्हणजे उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर. प्लॉटची किंमत आजच्या भावाने धरत नाहीत, घेतला तेव्हाच्या भावाने धरतात. त्यामुळे गावकऱ्यांच्या डोळ्यांना जे दोन कोटींचं दिसतं ते फाईलमध्ये बारा लाखांचं असू शकतं. आपल्याकडे बचावाची ठरलेली वाट शेतीची: पत्नीच्या नावे संत्र्याची बाग दाखवायची आणि तिथून वर्षाला काही लाख आले म्हणायचं. तपास अधिकारी मग सातबाऱ्यावरचा पीकपेरा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि बँकेतल्या भरण्याच्या तारखा एकमेकांशी ताडून पाहतात. पीकपेऱ्यात बाग नसेल आणि सातबाऱ्यावर नुसती कपाशी असेल, तर संत्र्याचं उत्पन्न टिकत नाही.

मालमत्ता अटकावून ठेवायची तर न्यायालयात अर्ज करावा लागतो, कलम १८अ आणि १९४४ चा अध्यादेश यांच्याखाली. तो आदेश म्हणजे विकता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. कायमची जप्ती दोषसिद्धीनंतर, आणि ती रक्कम शासनाकडे जाते. ग्रामपंचायतीचं खातं या वाटेवर लागतच नाही.

आता मुख्य मुद्दा. “खाल्लेला पैसा ९० दिवसांत गावाच्या खात्यात.” असा ९० दिवसांचा नियम कुठेच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये ६० दिवस आहेत, पण ते गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालयाने ठरवल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी बाधितांना वाटण्याचे. तिथवर पोचायलाच तपास, नोटीस, सुनावणी लागते. आणि अधिकाऱ्याने पदाच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीतलं कलम १७अ आडवं येतं: आधी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी, त्यासाठी पुन्हा तीन अधिक एक महिना. रंगेहाथ अटकेला ही अट नाही, अपहाराच्या चौकशीत ती उभी राहते.

मोठ्या प्रकरणांचा वेग बघायचा तर गोसेखुर्दचा सिंचन प्रकल्प पुरे. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प २०१६ च्या सुधारित मान्यतेत १८ हजार कोटींवर गेला. ही सगळी वाढ भ्रष्टाचाराची नाही; भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन हेही त्यात आहे, आणि ते वेगळं काढणं हेच तपासाचं अर्धं काम. विदर्भातल्या सिंचन कामांची उघड चौकशी २०१४ च्या डिसेंबरात मंजूर झाली, त्यानंतर घोडाझरी शाखा कालव्यासारख्या कामांवर गुन्हे नोंदले गेले. निविदेची पात्रता, कंत्राटदाराला दिलेले अग्रिम, वाढीव दर असा एकेक धागा एकेका कालव्यासाठी वेगळा सोडवावा लागतो. ९० दिवसांत तर नस्त्यांची यादीही होत नाही.

गावाचा पैसा परत येतो तो दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट बऱ्याच गावांत कोणी चालतच नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, रक्कम “वसूलपात्र” ठरते, पंचायत समितीमार्फत जबाबदारी निश्चित होते. ग्रामपंचायतीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सह्या असल्यामुळे वसुली सहसा दोघांवर वाटली जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १७८ सदस्यांना नुकसानीबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरतं. रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते: मागणीची नोटीस, जंगम जप्ती, स्थावर जप्ती, लिलाव. सातबाऱ्यावर बोजा चढला की पीककर्जाच्या वेळी बँक तो बघते, आणि मग पैसे भरायला माणूस आपणहून येतो. कर्मचाऱ्याचा हिस्सा पगारातून कापला जातो. सरपंचाला पदावरून काढण्याचं कलम ३९ याहून वेगळं. पद गेलं म्हणून पैसा आला असं होत नाही.

ही वाट कुठे खुंटते, तेही बघू. आक्षेपाला “अनुपालन सादर” असं उत्तर जातं आणि सोबत जोडलेल्या पावत्या कोणी उघडून बघत नाही. कर्मचारी निवृत्त होतो, आणि निवृत्तीवेतन नियमांच्या नियम २७ नुसार चार वर्षांहून जुन्या घटनेवर नव्याने विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. आणि सर्वांत सतावणारी अडचण: फौजदारी गुन्हा दाखल होऊन मूळ मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मोजणी लिहिलेली वही) पोलिसांनी जप्त केली की वसुलीची फाईल “अभिलेख उपलब्ध नाही” या शेऱ्यावर झोपते. म्हणून फिर्याद देण्याआधी प्रमाणित प्रती हातात हव्यात.

त्या मिळतात माहिती अधिकारात: दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. “संपूर्ण माहिती द्या” असं लिहू नये, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. एका कामाचं नाव, वर्ष लिहावं आणि मागावं: अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं, नमुना ५ च्या रोकडवहीतली त्या महिन्याची पानं. सिमेंट रस्ता असेल तर लांबी, रुंदी, जाडी. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी १० भरली तर ६०. फरक ३० घनमीटर. हा आकडा तक्रारीत लिहिला की “काम निकृष्ट आहे” या वाक्यापेक्षा अभियंत्याला उत्तर देणं जड जातं.

गाळाचं काम सर्वांत सोयीचं, कारण पाऊस पडला की पुरावा पाण्याखाली जातो. भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांपासून वाशीम-यवतमाळातल्या नाला खोलीकरणापर्यंत सगळीकडे तेच. बिलात १०० गुणिले ६० मीटरवर एक मीटर गाळ, म्हणजे ६ हजार घनमीटर, काढल्याचं लिहिलं असेल तर ट्रॅक्टरने मोजा. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, ट्रॉली साधारण ब्रासभर. झाल्या २१०० खेपा, आणि खोदलेली माती फुगते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्त. काम बारा दिवसांत झालं असं पुस्तिकेत असेल, तर रोज पावणेदोनशे खेपा. तेवढे ट्रॅक्टर गावात आले होते का, आणि तो गाळ कोणाच्या शेतात पडला? कामाआधीच्या आणि नंतरच्या पातळ्यांची नोंद मागा, आणि प्रत्यक्ष मोजणी मृगाच्या आधी करून घ्या. त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तलाव काही बोलत नाही.

राहिल्या मजकुरातल्या शेवटच्या दोन ओळी, आणि नुकसान सर्वांत जास्त त्याच करतात. सापळ्यातल्या नोटा मुद्देमाल म्हणून अडकतात हे खरं, पण तेवढी रक्कम विभाग शासनाच्या निधीतून तक्रारदाराला देतो. रक्कम मोठी असेल तर वरखाली खऱ्या नोटा आणि मधे खेळण्यातल्या ठेवून बंडल करतात, त्यामुळे लाखाच्या सापळ्याला तुमच्याकडे लाख असलेच पाहिजेत असंही नाही. आणि लाच देणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे, पण भाग पाडल्यामुळे दिली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा विभागाला कळवलं, तर ते कलम लागत नाही. आधी कळवून सापळ्यासाठी दिली तरीही नाही. हे सात दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजतात, काम अडल्याच्या तारखेपासून नव्हे.