लिंब आधी काढून घ्या

प्लॉट घेतला म्हणे. छान झालं. गावाबाहेर सातारा परिसरात घेतला, देवळाईत घेतला की सिडकोतलं जुनं घर पाडून तिथंच चार मजले चढवताय, ते तुमचं तुम्ही बघा. संभाजीनगरात घर बांधणाऱ्याला माझा सल्ला एकच असतो, आणि तो मी अर्ध्या कप चहात देतो: भूमिपूजनाचा नारळ नंतर फोडा, कोपऱ्यातला लिंब आधी काढून घ्या.

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. सरबताचं ते लिंबू.)

कामून काढायचा, असं तुमची आई विचारेल. तिला सांगा, कचरा होतो. फेब्रुवारी-मार्चात पिवळी पानं, एप्रिलात फुलांचा सडा, जूनमध्ये निंबोळ्या. झाडू काही हातातून सुटत नाही. शिवाय साळुंक्या, कावळे आणि भरदुपारी सावलीला येऊन बसणारी परकी माणसं. हे शेवटचं फार वाईट. आज भंगारवाला टेकतो, उद्या रसवंतीची गाडी लागते, परवा तिचे घुंगरू तुमच्या बेडरूमपर्यंत ऐकू येतात. पाडव्याला डहाळा लागला तर गुलमंडीवर विकत मिळतो. त्यासाठी अख्खं झाड कोण सांभाळतं?

तोडायला परवानगी लागते, ही एक कटकट आहे. १९७५ चा कायदा. घाबरू नका, कुऱ्हाड लावूच नका. बुंध्याला चिकटून सिमेंटचा ओटा बांधा, वर टाइल्स बसवा, जमलं तर देवाची एक तसबीर ठेवा. मुळांना पाणी नाही, हवा नाही. काही वर्षांत झाड आपणहून राजीनामा देतं. कायद्यानं ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला इजा करणंही धरलंय, पण व्याख्येच्या कलमापर्यंत वाचत जाणारा माणूस आमच्या गल्लीत अजून राहायला आलेला नाही.

आता तुमच्या घरात एखादा शिकलेला भाचा असेल. तो म्हणेल, मामा, झाडानं गारवा राहतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या हातात तापमापक द्या आणि मे महिन्यात दुपारी दोनला एकदा लिंबाखाली, एकदा रस्त्यावर उभा करा. आकड्यात फरक निघेल एखाद-दोन अंशांचा, कधी तोही नाही. झालं, सिद्ध झालं. एक-दोन अंशांसाठी पंधरा फूट जागा अडवायची?

एवढंच बघा की त्यानं पुढचं विचारू नये. तापमापक फक्त हवा मोजतो. माणूस मात्र हवेत शिजत नाही. तो डोक्यावरच्या सूर्यानं, पायाखालच्या डांबरानं आणि चहूबाजूच्या भिंतींनी शिजतो. आपल्याकडच्या मे महिन्यात डांबर साठ अंशांपर्यंत सहज तापतं. आणि लिंबाचं पान? ते हवेपेक्षा फारसं तापत नाही, कारण ते घामतं. म्हणजे सावलीत उभ्या माणसाला वरून ऊन नाही, खालून भाजणं नाही, भोवती गार पानं. शरीराला पडणारा हा फरक साध्या तापमापकात येतच नाही. गंमत म्हणजे वेधशाळेचा तापमापकही पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. पेपरात छापून येतो तो ४२ हा सावलीतला ४२. उन्हात हातगाडी ओढणाऱ्या माणसाचा आकडा कुणी छापत नाही, त्यामुळे तो नसतोच.

लिंब गेला की जमीन मोकळी होते. मोकळी जमीन म्हणजे चिखल. गट्टू, म्हणजे सिमेंटच्या फरशीविटा, बसवा. कंपाउंडच्या आतली, बाहेरची, नालीच्या कडेची, जिथं म्हणून माती दिसेल तिथं गट्टू. पावसाचं पाणी तुमच्या दारात मुरायला बघतं, त्याला सरळ रस्त्यावर हाकला. पुढं बोअर आटला तर टँकर आहे. हिरवळ हवीच असेल तर प्लास्टिकचं गवत अंथरा. ते वाळत नाही, वाढत नाही, पाणी मागत नाही. दुपारी त्यावर अनवाणी पाय मात्र टाकू नका. आणि झाडं लावलीच पाहिजेत, असं वहिनींचं म्हणणं असेल तर गेटच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम लावा. फोटोत भारी दिसतो, पक्षी बसत नाहीत, आणि सावली पडते विजेच्या खांबाएवढी. तीही सकाळी शेजाऱ्याच्या गाडीवर.

घराचं म्हणाल तर तुमच्या आजोबांच्या माळवदाची आठवण काढू नका. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर, चिमुकल्या खिडक्या. दर पावसाळ्यात गळायचं, उंदीर, विंचू, सगळं खरं. मला स्वतःला त्या घरात परत राहायला सांगितलं तर मी हात जोडीन. पण दुपारी दोनला आत पाऊल टाकलं की डोळ्यापुढं अंधारी यायची आणि अंगाला गार लागायचं, तेही खरं. तुम्ही स्लॅब टाका आणि पश्चिमेला पूर्ण भिंतभर काच लावा. काचेतून ऊन आत येतं आणि त्याची उष्णता बाहेर जायचा रस्ता विसरते. स्लॅब तर सावकाराहून इमानदार. दिवसभर घेतलेली ऊब रात्री दोन-तीनपर्यंत मोजून परत करतो. गच्चीला चुन्याची पांढरी सफेदी मारली तर त्यातली बरीच ऊब आधीच परतून जाते, पण ते काम फार स्वस्त आहे. गल्लीत काय तोंड दाखवाल?

आता गारवा कुठून आणायचा? दुकानातून.

कूलरचं शास्त्र समजून घ्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून जेवढी उष्णता ओढून घेतं, ती जवळपास पाऊण युनिट विजेएवढी भरते. तासाला आठ लिटर पाणी हवेत विरलं की दीड टनाच्या एसीइतकी थंडाई तयार झाली. आपली हवा कोरडी, म्हणून हे आपल्याकडे जमतं; मुंबईकरांच्या दमट हवेत कूलर नुसताच गुरगुरतो. माठ हेच करतो, वाळ्याचा पडदा हेच करतो, ओली दस्ती डोक्याला बांधणारा म्हातारा हेच करतो. आणि तुम्ही काढलेला तो लिंबही हेच करत होता. मुळांना ओल असली तर मोठं झाड दिवसाला शंभरेक लिटर पाणी पानांतून सोडू शकतं. फार रखरखलं तर ते छिद्रं मिटून पाणी जपतं, पण सावली काही बंद ठेवत नाही. त्याचा दोष एकच: मिळालेला गारवा ते गल्लीभर वाटून टाकतं, त्यामुळं कुणालाच मिळाल्यासारखा वाटत नाही. कूलरचं तसं नाही. टाकी टँकरच्या पाण्यानं भरायची, गारवा आपल्या खोलीत घ्यायचा. खिडकी मात्र गच्च लावून घ्या, म्हणजे आतली हवा दमट होईल, अंगावरचा घाम वाळेनासा होईल, आणि तुम्ही रात्री अकरा वाजता म्हणाल, की आता एसीच घ्यावा लागतो.

घ्या. दीड टनाचा घ्या. खोलीतली सगळी उष्णता, अधिक तो स्वतः खातो ती वीज, असं सगळं मिळून तो बाहेर फेकतो. बाहेरचं यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीसमोर बसवा. शेजारीही आठ दिवसांत एसी घेईल आणि त्याचं तोंड तुमच्याकडे करेल. त्याच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहणारं भाडेकरू कुटुंब दोन्ही यंत्रांच्या मध्ये सापडतं, पण ते लोक तसेही रात्री बाहेरच बाज टाकून झोपतात.

तुम्ही म्हणाल, झाड ठीक आहे हो, पण पाणी कुठंय? नळाला पाणी कधी येईल ते विचारून पाहुणे बोलावणारं आपलं गाव. बरोबर आहे तुमचं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. अशा मुलखात झाडाला पाणी घालणं म्हणजे चैन. लिंब पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मागतो, पुढं आपलं आपण बघतो, हे कुणाला सांगू नका. ते पाणी गट्टू धुवायला ठेवा. गट्टूंवर धूळ फार बसते.

आपल्या शहरात पाण्याच्या बाबतीत मूळ चूक मलिक अंबरची. सतराव्या शतकात निजामशाहीचा कारभार बघणाऱ्या या गृहस्थानं डोंगराच्या बाजूचं पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय, नुसत्या उतारानं गावात आणलं. नंतर पाणचक्की बांधणाऱ्यांनी तर हौदाच्या पोटाखाली दालन काढलं. डोक्यावर पाणी, खाली बिनविजेची थंड खोली. एवढी अक्कल लढवून मिळालं काय? पाहुणे आले की फोटो काढायला एक जागा. शेजारून खाम वाहते, तिला नदी म्हणायची सवय असेल तर मोडा. नाला म्हणा. नाल्यावर स्लॅब टाकायला मन कचरत नाही.

तलावाचं कौतुक करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र मी खरोखर मनापासून सांगतो, उपरोध बाजूला ठेवून. सलीम अली सरोवराच्या काठी दुपारी वाऱ्याची झुळूक गार लागते, कारण पाणी सावकाश तापतं. पण ते निवतंही सावकाश. वारा पडलेल्या रात्री पाण्याकाठी दमट आणि ऊबदारच वाटू शकतं. नुसतं पाणी पुरत नाही, काठाला झाड आणि वाऱ्याला वाट लागते. असो. आपल्याला दोन्हीपैकी एकही ठेवायचं नाहीये, तेव्हा हा प्रश्न आपला नाही.

घर झालं. वास्तुशांत झाली. आता गाडीचं बघा. नवीकोरी गाडी उन्हात ठेवून कसं चालेल? स्टिअरिंगला हात लागत नाही, सीट भाजते. पोर्चमध्ये तर आता भाड्याचं दुकान काढलंय. पण समोरच्या गुरुजींनी त्यांच्या दारातला लिंब अजून काढलेला नाही. सकाळी साडेआठच्या आत गेलात तर जागा मिळते. नंतर तिथं गल्लीतल्या सहा गाड्या लागतात आणि गुरुजी स्वतः फाटकाबाहेर उन्हात उभे राहून रिक्षाची वाट बघतात.

गाडीच्या काचेवर पानं पडतात, पक्ष्यांची घाण पडते, हे तुमच्या लक्षात येईलच. तसा अर्ज महापालिकेत द्या. मजकूर साधा ठेवा: सदर झाड धोकादायक झाले असून फांद्या वाहनांवर पडण्याची शक्यता आहे, तरी त्वरित तोडावे. खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. सह्या घ्यायला दुपारीच फिरा, सगळे घरी सापडतात. आणि हो, तेवढा वेळ गाडी तिथंच राहू द्या. सावली आहे.