घेऊन जा गे टेलिमेट्री!

आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर धडधाकट असतानाच निवृत्त झाला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची जी सुरक्षेची चिप लागते ती त्याच्या पोटात नव्हती. दिवाळी तोंडावर होतीच. नागपूरच्या सीताबर्डीला जाऊन लॅपटॉप आणला. बायकोने झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, बाबांनी "आता याले जपून वापरा" म्हणत सगळ्यांकडे एकदा रोखून पाहिलं, आणि झाकण उघडतो न उघडतो तोच कोपऱ्यातून पाटी वर आली: तुमच्या अँटिव्हायरसचे ३० दिवस उरले आहेत, आजच पैसे भरा.

तो अँटिव्हायरस आम्ही मागितलाच नव्हता.

लॅपटॉप नवा होता, पण रिकामा नव्हता. स्टार्ट मेनू उघडला तर आत लॅपटॉप बनवणाऱ्याचं स्वतःचं एक मदत केंद्र, त्या मदत केंद्राला अपडेट पुरवणारं दुसरं केंद्र, खेळ, बातम्या, व्हिडिओ कापायचं ॲप, आणि मी तोंड उघडण्याआधीच 'काय मदत करू' विचारणारा एक सहाय्यक. यातलं काही लॅपटॉपवाला भरतो, कारण भरून घेणारे त्याला पैसे मोजतात. काही विंडोजबरोबरच येतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा कँडी क्रश हा खेळ असाच न बोलावता घरोघरी पोचला होता. काही चिन्हं तर नुसत्या पाट्या असतात. चुकून बोट लागलं की मग मागून सामान उतरतं.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायांचे दोन मोठाले पुतळे, मिरवत निघतात. इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, नाचत असतात, आणि पोरंसोरं घसा फाटेस्तोवर ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" महागाई, रोगराई, डास, सगळं तिच्या माथी मारायचं आणि शेवटी पेटवून द्यायचं. मी त्याच उत्साहात लॅपटॉपसमोर बसलो. एकेका ॲपवर उजवं बटण दाबायचं, 'अनइन्स्टॉल' निवडायचं, मनातल्या मनात आरोळी ठोकायची. अर्ध्या तासात गाव साफ!

पण मारबतीच्या वेळी एक सोय असते. ईडापीडेची बाजू घ्यायला कोणी पुढे येत नाही.

व्हिडिओ कापायच्या ॲपवर, क्लिपचॅम्पवर, बोट ठेवलं आणि मुलगी आतल्या खोलीतून धावत आली. "पप्पा, ते नको नं, त्यात माझा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे!" लॅपटॉपला घरात येऊन एक रात्रही झाली नव्हती. खेळांच्या एक्सबॉक्स ॲपचं नाव काढताच भाच्याचा अकोल्याहून फोन आला. त्याला कोणी कळवलं, हा वेगळ्या चौकशीचा विषय आहे. खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात हवामान दिसतं, त्याच्यावरून माउस नुसता सरकला तरी अर्धा पडदा बातम्यांनी भरून जातो. हे प्रकरण 'विंडोज वेब एक्स्पीरियन्स पॅक' काढलं की जातं, एवढं मी शोधून ठेवलं होतं. नागपूरकराला ऊन किती आहे हे सांगायला विजेट कशाला हवं? मे महिन्यात कूलरसमोरून उठलं की आपोआप कळतं. पण बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ते. दुपारी भाजी निवडताना वाचायला बरं पडतं."

आणि मग आले पत्ते.

सॉलिटेअर हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला. वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने तो लिहिला, पत्त्यांची चित्रं सुझन केअरने काढली. जगभरच्या कचेऱ्यांचे तासन् तास या खेळाने गिळले, पण चेरीला रॉयल्टीपोटी दमडीही मिळाली नाही. माउसने वस्तू उचलून ओढायची आणि सोडायची, ही सवय लोकांना लागावी हाही हेतू त्यामागे होता, असं सांगतात. आमच्या बाबांना ती अशी लागली की अजून सुटलेली नाही. त्यांच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तो साहेबांच्या टेबलावर, आणि बराच काळ त्याच्यावर पत्त्यांखेरीज दुसरं काही उमटलं नाही, असं ते आजही सांगतात. साहेबांची बदली झाली आणि तो वारसा हेडक्लार्ककडे, म्हणजे बाबांकडे आला. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा हे जुने पत्ते त्यातून गायब झाले. विंडोज १० मध्ये परत आले ते जाहिराती घेऊन. जाहिराती नको असतील तर दरमहा पैसे भरा.

"बाबा, हे काढतो. जाहिराती आहेत यात."

"टीव्हीवर नसतात का? तू ते बाकीचं काढ नं. माझंच काहून काढून राहिला?"

घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं एवढंच होतं, की बाकीच्यांचं काढा.

मग मी टेलिमेट्रीकडे वळलो, कारण तिची बाजू घेणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. टेलिमेट्री म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच्या तब्येतीची, आणि बोलता बोलता आपल्या वापराचीही, खबर विंडोजवाल्या कंपनीला पोचवत राहणं. आणि नेमकं तिलाच अनइन्स्टॉलचं बटण नाही! ज्यांना बटण आहे त्यांना घरात वकील आहे, आणि जिला वकील नाही तिला बटण नाही.

सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक. बाबा चष्मा पुसून शेजारी येऊन बसले. शासकीय नमुन्यात भरायचं काहीही दिसलं की त्यांना तरतरी येते. माहितीचे दोन प्रकार निघाले: आवश्यक आणि ऐच्छिक. ऐच्छिकमध्ये कोणत्या वेबसाइट पाहिल्या, कोणतं ॲप कसं वापरलं, असलं सगळं जातं. ते बंद करता येतं, केलं. आवश्यकला मात्र बटण दिसेना.

"याले नाही म्हणायचं कुठे?" बाबांनी विचारलं.

"होम आवृत्तीत तशी सोय नाही."

"मग दाखवून कायले राहिले?"

जाहिरातींसाठी प्रत्येक वापरकर्त्याला एक ओळख क्रमांक मिळालेला असतो. तोही बंद केला. त्याने जाहिराती कमी होत नाहीत, फक्त आपली आवडनिवड धरून येत नाहीत. बाबांना यात अडचण दिसली नाही. अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं जातं, असं त्यांचं मत.

आपल्याकडून काय काय जातं ते पाहायचीही व्यवस्था आहे, आणि ती मला फार आवडली. त्यासाठी स्टोअरमधून 'डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर' हे आणखी एक ॲप उतरवायचं आणि त्याला १ जीबीपर्यंत जागा द्यायची. नको असलेली ॲपं काढायला बसलेला मी मुकाट्याने एक वाढवून बसलो. उघडलं तर आकडे, कंस आणि अर्ध्या हाताएवढे लांब शब्द. बाबांनी चार ओळी खड्या आवाजात वाचल्या आणि समाधानाने मागे टेकले. "ऑडिटवाल्यांना आम्हीही अशीच फाइल देत होतो."

यामागे काम करणारी एक सेवा असते. सर्व्हिसेसच्या यादीत तिचं नाव 'कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री', घरातलं नाव डायगट्रॅक. तिच्यावर दोनदा क्लिक करून 'स्टॉप' करायचं, स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' ठेवायचं, आणि मोठं अपडेट येऊन गेलं की पुन्हा जाऊन पाहायचं, कारण अपडेटनंतर असल्या सेटिंग्ज जागच्या जागी राहतीलच असं नसतं. एवढ्यात वरच्या मजल्यावरचा बंटी आला. त्याला पोह्यांचा वास लागला होता की माझ्या हालांची वर्दी, ते सांगता येत नाही.

"काका, एकेक काय करून राहिले? स्क्रिप्ट आहे नं, सगळे हुकूम एका दमात!"

पॉवरशेलची, म्हणजे कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायची, खिडकी उघडली. बंटीने कुठूनतरी उतरवलेल्या ओळी तिच्यात ओतल्या आणि एंटर दाबलं. नावं भराभर वर सरकू लागली. मला मनापासून आरोळी ठोकावीशी वाटली.

"काय काय गेलं रे?"

"सगळंच."

सगळंच म्हणजे सगळंच. विंडोज ११ मध्ये कॅल्क्युलेटर आणि फोटो हीसुद्धा कँडी क्रशच्याच जातीची पॅकेजेस असतात. 'पॅकेजेस काढा' म्हटलं की स्क्रिप्ट कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. कॅल्क्युलेटर गेला, फोटो गेले, जिथून ते परत आणायचे ते स्टोअरही गेलं. माणसाने अनोळखी कागदावर सही करू नये, आणि अनोळखी स्क्रिप्ट ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने तर मुळीच चालवू नये. पण हे बंटीला सांगेपर्यंत तो दुसरी बशी संपवत होता. त्याचं एक मान्य करायला हवं, 'डब्ल्यूएसरीसेट' या आज्ञेपुढे रेघ मारून 'आय' लिहिलं की स्टोअर परत येतं, हे त्याला ठाऊक होतं.

पत्ते गेल्याचं कळल्यावर बाबा काही बोलले नाहीत. नुसतं वर्तमानपत्र उघडून बसले, तेही कालचं. म्हणून मी त्यांच्यासाठी लॅपटॉपवर वेगळं खातं उघडून दिलं. त्यात शिरलो तर काय, सगळी वरात पुन्हा हजर! खेळ, बातम्या, सहाय्यक, एक्सबॉक्स. बंटीची स्क्रिप्ट फक्त माझ्या खात्यावर फिरली होती. विंडोज प्रत्येक नव्या खात्यासाठी या ॲपांचा एक साठा राखून ठेवतं, 'प्रोव्हिजन्ड' म्हणतात त्यांना, आणि तो साठा वेगळ्या आज्ञेने काढला नाही तर प्रत्येक नव्या खात्यात सगळं जसंच्या तसं मांडलं जातं. बाबा मात्र खूश. "आत्ता कसं नीट झालं! मघाशी तुम्ही बिघडवून ठेवलं होतं."

एज ब्राउझर उरला होता. बंटी म्हणाला की युरोपात तो सरळ काढता येतो. खरं आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या लोकांना ही मुभा आहे. पण आमच्या झीरो माइलच्या खांबापाशी हैदराबाद, जबलपूरची अंतरं कोरली आहेत, युरोपीय संघाच्या ब्रुसेल्सचं कोणी कोरलेलं नाही.

यावर बाबा एकदम ताठ बसले. "२४ ऑगस्ट २०१७! सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. आणि इथे नागपुरातच आमची माहिती बाहेर जाऊन राहिली?"

मी म्हटलं, कंपन्यांसाठी वेगळा कायदा आहे, २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. त्यात संमतीला फार महत्त्व आहे.

"आजोबा," बंटी बशी खाली ठेवत म्हणाला, "नवीन खातं उघडलं तेव्हा प्रत्येक पानावर 'ॲक्सेप्ट' तुम्हीच दाबलं नं?"

"मग काय करणार? त्याच्याशिवाय पत्ते निघत नव्हते."

बंटी थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काका, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देऊ का?" मुलगी आणि बायको एकाच सुरात "नको" म्हणाल्या. बाबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला.

"त्यात पत्ते आहेत का?"

"आहेत नं, आजोबा."

"जाहिराती?"

"नाहीत."

"महिन्याचे पैसे?"

"फुकट आहे सगळं."

बाबांचा चेहरा पालटला. हेडक्लार्कीच्या उभ्या हयातीत फुकटची फाइल त्यांच्या टेबलावरून चौकशीशिवाय कधी पुढे सरकलेली नाही. खुर्ची ओढून ते बंटीच्या समोर बसले. "मग बनवणाऱ्याचं पोट कशावर चालते? नीट सांग. घाई करू नको."

बंटी अजून सांगून राहिला आहे. त्याच्यासाठी भरलेल्या तिसऱ्या बशीवरची तर्री पार गोठून गेली.