तसं नाही हो, मूळच्या कुठल्या?

तुमच्या सोसायटीत मिझोरामची मुलगी भाड्याने राहायला आली आहे का? अभिनंदन! घरबसल्या, लिफ्टच्या दारात दुसऱ्या संस्कृतीशी संवाद साधायची संधी सगळ्यांना मिळत नाही. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीला ती गेल्या महिन्यात मिळाली. परवाच्या रविवारी मीटिंगमध्ये आम्ही त्या संधीचं जे काही सोनं केलं, ते बघून वाटलं की हा अनुभव आपल्यापुरता ठेवणं बरं नाही. चार लोकांच्या उपयोगी पडावा.

सुरुवात ओळखीपासून. "कुठल्या तुम्ही?" असं विचारा. ती "ऐझॉल" म्हणेल. लगेच विश्वास ठेवू नका. "तसं नाही हो, मूळच्या कुठल्या?" ती पुन्हा ऐझॉलच म्हणेल, कारण मूळची ती ऐझॉलचीच आहे. तरी सोडू नका. "म्हणजे नेपाळ साइड? चायना साइड?" तिसऱ्या प्रश्नाला समोरचं माणूस कसनुसं हसतं आणि लिफ्टचे आकडे बघायला लागतं. संवाद रंगात आला असं समजावं.

ऐझॉल नकाशात कुठे आहे हे बघून ठेवायची गरज नाही. "म्हणजे आसामातच ना?" म्हणून मोकळं व्हा. 1972 पर्यंत मिझोराम आसामातला जिल्हाच होता, राज्य झालं 1987 साली. तुम्ही फार तर पन्नासेक वर्षं मागे आहात, त्यात काय एवढं. फक्त दिल्लीत कोणी तुम्हाला "म्हणजे गुजरातच ना?" विचारलं, तर मात्र 1960, संयुक्त महाराष्ट्र आणि हुतात्मा चौक हे सगळं त्याला उभ्या उभ्या ऐकवायचं. तिथे भूगोल पक्का हवा.

मोमोची रेसिपी मागा. मोमो तिबेट-नेपाळकडचे आहेत हे तिला माहीत असेल, आपल्याला असायची गरज नाही.

आता नाव. मिझो नाव लांब असतं, आणि आपल्याकडे वेळ कमी. (वेंकटनरसिंहराजुवारिपेटा नावाचं स्टेशन आपण पैज लावून पाठ केलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.) तेव्हा पहिली दोन अक्षरं धरा आणि शेवटी काहीतरी लाडिक जोडा. आमच्या सेक्रेटरींनी तिच्या नावातलं 'लाल' उचललं आणि तिला 'लाली' करून टाकलं. मिझो भाषेत 'लाल' म्हणजे सरदार, मुखिया. सरदारणीची आम्ही ओठांची लाली केली, आणि वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. मिझो नावांची एक गंमत तिने मला जिन्यात सांगितली. पुरुषाचं नाव 'आ'वर संपतं, बाईचं 'ई'वर. मुलगा-मुलगी, घोडा-घोडी, लोटा-लोटी करत वाढलेल्या मराठी माणसाला याहून ओळखीची गोष्ट कुठली असणार? पण आमच्या फॉर्ममध्ये तीन रकाने आहेत: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. मिझोंमध्ये आपल्यासारखं आडनाव सहसा नसतं, काही जण कुळाचं नाव लावतात. तिने तिसरा रकाना मोकळा ठेवला. सेक्रेटरींनी त्यावर लाल पेनने गोल करून लिहिलं, 'माहिती लपवली'.

फॉर्म निघालाच आहे तर कागदपत्रांचं सांगते. तिने आधार कार्ड दिलं. सेक्रेटरींनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, मग विचारलं, "और व्हिसा?" मी तिथेच होते. मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने सी-फॉर्म भरायचा असतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि मालक दुबईला असल्यामुळे ती जबाबदारी आता आपल्यावर आली असं त्यांना वाटत होतं. आधार कार्ड त्यांच्या हातातच होतं. तिने पॅन कार्ड दिलं. मतदार ओळखपत्र दिलं. तीन कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडलेली, आणि हे म्हणतात, "ये सब ठीक है, लेकिन..."

तर टीप अशी की नागरिकत्व कागदावर ठरवू नये, नाकाकडे बघून ठरवावं. आणि उद्या तुम्हालाच मिझोराम बघायला जायची हुक्की आली, तर इनर लाइन परमिट काढावं लागतं. इंग्रजांनी 1873 मध्ये घालून ठेवलेला नियम आहे. तो कळल्यावर "आपल्याच देशात परवाना कशाला?" असं तावातावाने म्हणायला विसरू नका.

भाषेचं अगदी सोपं आहे. तिच्याशी हिंदीत बोला, आणि तिला हिंदी तोडकं येतं असं दिसलं की "राष्ट्रभाषा आनी चाहिए" असं सुनवा. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही, पण ते जाऊ दे. हेच सेक्रेटरी 2025 मध्ये, पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'मराठी आमची आई' टाकत होते. तो जीआर मागे घेतल्यावर त्यांनी पेढे वाटले; मीही दोन खाल्ले. पण बंगाली शेजारी आला की आई घरात आणि राष्ट्रभाषा दारात, ही आपली जुनीच रीत. गंमत म्हणजे ही मुलगी मराठी शिकतेय. नर्स आहे ती, त्यामुळे तिचं सगळं मराठी वॉर्डातलं. "श्वास घ्या", "कुशीवर वळा", "आजी, लघवी झाली का?" परवा माझा पाय मुरगळला तेव्हा जिन्यात बसून तिने विचारलं, "घोट्यात दुखतंय की टाचेत?" घोटा! माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकाला घोटा कुठे असतो ते दाखवावं लागतं.

सोसायटीचा कुत्रा, काळू, दोन दिवस दिसला नाही तर तिच्या तिसऱ्या मजल्याकडे बघून एकमेकांना डोळे मोठे करून दाखवा. (काळू मंगल कार्यालयामागे होता. तिसऱ्या दिवशी आला, पोट टम्म फुगलेलं.)

आता मुख्य मुद्दा, वासाचा. सगळी मीटिंग त्याच्यासाठीच होती.

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिच्या घरातून वास आला. पहिली चूक इथेच: सहा वाजता कोण जेवतं? (तिच्या गावी जेवतात, सूर्यच लवकर मावळतो तिकडे.) ए विंगच्या काकूंनी गॅस लीक, गॅस लीक म्हणून आरडाओरडा केला. मेन स्विच पाडला. गॅसच्या एजन्सीचा माणूस आला, जिना चढला, तिच्या दाराशी उभा राहून त्याने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, डाळबिळ शिजतेय काहीतरी." डाळबिळ म्हणजे बेकांग. सोयाबीन उकडायचं, पानात गुंडाळायचं, चुलीजवळच्या उबेला दोन-चार दिवस आंबू द्यायचं. नागालँडमध्ये अखुनी, मणिपुरात हवाईजार, सिक्कीममध्ये किनेमा, अशी त्याची भावंडं आहेत. वास येतो का? येतो. कबूल. उग्र येतो.

पण मला एक सांगा. आपल्या घरात आंबवलेलं काहीच नसतं का? इडलीचं पीठ रात्रभर ओट्यावर काय तपश्चर्या करतं? बरणीतल्या लोणच्याचा खार, ताकाचा आंबूसपणा, पावसाळ्यात तव्यावर भाजलेली सुकट, हे सगळं काय मोगऱ्याचे गजरे आहेत? ज्या काकूंनी मेन स्विच पाडला त्यांच्याकडे दर बुधवारी जवळा असतो, आणि तो कपड्यांच्या दोरीवरून थेट माझ्या चादरीत येतो. मी कधी बोलले? आणि हिंग! अहो, जर्मन भाषेत हिंगाला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो सैतानाची विष्ठा. त्या वासाने परदेशातले शेजारी खिडक्या लावून घेतात. आपण तो चिमूटभर टाकून "अहाहा" म्हणतो. हा हिंग येतो अफगाणिस्तानातून, इराणमधून. लाहौलमध्ये त्याची लागवड करून बघायला सुरुवात झाली तीसुद्धा 2020 साली. इतक्या पिढ्या बाहेरून येऊन आपल्या आमटीत बसलाय, त्याला कोणी व्हिसा विचारला नाही!

याच काकूंचा मुलगा म्युनिकला असतो. फोडणीच्या वासावरून त्याच्या घरमालकिणीने त्याला चिठ्ठी लिहिली, तेव्हा काकू माझ्याच सोफ्यावर बसून रडल्या होत्या. "आपल्या अन्नाला नावं ठेवतात गं," म्हणाल्या. चहा केला मी त्यांना. परवाच्या मीटिंगमध्ये 'उग्र वासाचे पदार्थ शिजवण्यास मनाई' या ठरावाला अनुमोदन त्यांचं होतं. काकूंचं!

मीटिंगची वेळही नीट निवडा. रविवारी सकाळी अकरा ही उत्तम. मिझो लोक बहुतेक ख्रिस्ती आहेत आणि ऐझॉलमध्ये रविवारी बाजार बंद असतो, सगळे चर्चला. म्हणजे ती आली नाही तर 'बेफिकीर' लिहिता येतं. पण आमची गोची झाली, ती आली. नाइट ड्यूटी करून, युनिफॉर्मवर, कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. वीस मिनिटं तिच्याबद्दल तिच्यासमोर मराठीत बोलणं चाललं होतं. ती नुसती ऐकत होती, मधूनच किंचित हसत होती. "बघा, हसतेय," कोणीतरी म्हणालं. माझ्या सासूबाई तापटातल्या तापट माणसासमोर अशाच हसायच्या. त्याला आपण समजूतदारपणा म्हणायचो. आपण स्वतः निघताना "येतो" म्हणतो, नाही म्हणायचं तर "बघू" म्हणतो, बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतो. एवढ्या आडवळणाने बोलणाऱ्या माणसांना समोरच्याचं हसू वाचता येत नाही?

नाही, येतं. मला आता उपरोध जमत नाहीये, माफ करा. येतं तुम्हाला, चांगलं येतं. तिला अपमान कळतोय हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्याला 'संस्कृतीतला फरक' म्हणताय तो फरकबिरक काही नाही, निव्वळ उद्धटपणा आहे. 2012 च्या ऑगस्टमध्ये याच पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली होती. हल्ल्यांच्या अफवा इतक्या पसरल्या की पुण्या-बंगळुरूहून हजारोंनी मुलं गुवाहाटीच्या गाड्यांत कोंबून परत गेली, सरकारला दिवसाला पाच एसएमएसची मर्यादा घालावी लागली. 2020 मध्ये त्याच चेहऱ्यांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या. तेव्हाही सगळे म्हणत होते, आमच्या सोसायटीत असं काही नाही. 2011 च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता 91 टक्के होती आणि आपली 82, म्हणून सांगते, नकाशा वाचायला शिका! आधार कार्ड वाचायला शिका! दोन अक्षरांचं आपल्या सोयीचं नाव ठेवण्याआधी तिला एकदा विचारा की बाई, तुला काय म्हणायचं.

आणि मी तरी कोण लागून गेले? वीस मिनिटं हातात चहाचा कप धरून मीही बसलेच होते. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये "मूळची कुठली गं?" मीच विचारलं होतं. ठरावाच्या वेळी तोंड उघडलं तेव्हा सात हात आधीच वर गेले होते.

ठराव नोटीस बोर्डावर लागला आहे, खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का. उग्र म्हणजे नेमकं काय, ते त्यात लिहिलेलं नाही. उद्या बुधवार. मी मंडईतून अर्धा किलो सुके बोंबील आणलेत, खिडक्या उघड्या ठेवून भाजणार आहे. तिलाही सहा वाजता जेवायला बोलावलंय. सी-फॉर्म माझ्या नावाने पाठवा.