निष्ठा आधी, फोन नंतर

नवा फोन घेण्यापूर्वी आपल्या गरजांची यादी करावी, असे काही अरसिक लोक सांगतात. त्यांचे मुळीच ऐकू नये. यादी केली तर फार घोटाळा होतो, कारण व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, यूट्यूब, रेल्वेचे तिकीट, घरच्यांशी बोलणे आणि अधूनमधून एखादा बरा फोटो एवढ्यावर ती संपते, आणि ही सगळी कामे अँड्रॉइडवर होतात तशीच आयफोनच्या आयओएसवरही होतात. मग भांडायचे कशावरून? म्हणून आधी पंथ निवडावा, रीतसर दीक्षा घ्यावी, आणि त्या पंथाला शोभतील अशा गरजा मागाहून सावकाश निर्माण कराव्यात.

आयफोनच्या पंथात जाणाऱ्याने सबुरी शिकावी. २००७ साली बाजारात आलेल्या या फोनवर मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची सोय २००९ साली आली, होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे हवामान-घड्याळाच्या छोट्या खिडक्या, ठेवण्याची मुभा २०२० साली मिळाली, आणि कॉल रेकॉर्ड करण्याची २०२४ साली, तीही पलीकडच्या माणसाला तशी सूचना ऐकवून. सोय नसेल तोवर ‘हवी कशाला?’ असे म्हणावे आणि ती आली की ‘पण यांनी केली किती सुबक!’ असे म्हणावे. एवढ्या दोन वाक्यांवर जन्म निभावतो. दीक्षा आता मुंबईतच मिळते. १८ एप्रिल २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात अ‍ॅपलचे भारतातले पहिले दुकान सुरू झाले आणि दार उघडायला खुद्द कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक आले, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरलेले नाही. (किंमत ऐकल्यावर दुबईचा मावसभाऊ पुन्हा आठवतो, ही गोष्ट वेगळी.)

अँड्रॉइडच्या पंथाचा मूलमंत्र स्वातंत्र्य हा आहे. येथे शेकडो फोनांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे, कंपनीने न विचारता भरून दिलेली अ‍ॅप रोज पाहण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि काही स्वस्त फोनांत तर स्क्रीनचे कुलूप उघडण्याआधीच जाहिराती वाचण्याचेही आहे. गूगलने २०२३ साली आपल्या पिक्सेल ८ फोनला आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या एस२४ फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. आपला फोन पंधरा हजारांचा आणि भलत्याच कंपनीचा असला, तरी ते वचन आपल्यालाच दिलेले आहे अशा थाटात ते वादात वापरावे.

तिसरा पर्याय मागणाऱ्याशी वाद घालू नये, केवळ सांत्वन करावे. विंडोज फोन गेला, फायरफॉक्स ओएस गेली, आणि सॅमसंगने २०१५ साली आधी भारतातच आणलेला टायझेन या प्रणालीचा फोनही गेला.

वाद ऐन रंगात आला असता एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: आयफोनवाली अ‍ॅपल आणि अँड्रॉइडवाली गूगल या दोन्ही मालकांचे आपापसांत कसे चालले आहे, याची चौकशी करू नये. सफारी ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले आहे. अनेक आयफोनांचे स्क्रीनही सॅमसंगच्या घरून येतात. २०२० साली आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर नाहीसा झाला तेव्हा सॅमसंगने आपल्या फोनाबरोबर चार्जर मिळतो अशी खिल्ली उडवली, आणि काही महिन्यांतच एस२१च्या खोक्यातून स्वतःचाही चार्जर काढून घेतला. भाऊबंद एका पंगतीला बसून जेवत आहेत, हे पाहिल्यावर बांधावर उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांच्या हातातली काठी सैल पडण्याचा धोका असतो.

धर्मप्रसाराची सुरुवात घरातून करावी. इतकी वर्षे अँड्रॉइड सुखाने वापरणाऱ्या आईला तिच्या वाढदिवशी आयफोन भेट द्यावा. स्क्रीनच्या तळाशी असलेले मागे जाण्याचे बटण तिच्या अंगठ्याच्या सवयीचे झाले आहे आणि ते येथे नाही, ही गोष्ट तिला आधी सांगू नये. ती आपोआप कळते, आणि बहुधा आपण कार्यालयात बैठकीत असतानाच कळते. मग फोनवरून ‘आई, डावीकडून उजवीकडे सरकव’ असे शांतपणे सांगावे. ‘सरकवलं रे, पण हे दुसरंच काहीतरी उघडलं’ असे उत्तर आले तर दोष प्रणालीला न देता आईच्या सवयीला द्यावा. वडिलांचा फोन मात्र बदलू नये. त्यांनी सुप्रभातच्या फोटोंनी तो काठोकाठ भरलेला असतो आणि त्यातला एकही पुसायला ते तयार नसतात.

शेवटी फोन हाती आला, चोवीस हप्ते ठरले, की त्याला रस्त्यावरचे शंभर-दीडशे रुपयांचे कव्हर घालावे. आयफोनवाल्यांनी त्यात सफरचंदाच्या जागी गोल भोक आहे ना, हे पैसे देण्याआधी तपासून घ्यावे. अँड्रॉइडवाल्यांना तशा भोकाची गरज भासत नाही; आपण कोणता फोन वापरतो आणि का वापरतो, हे ते न विचारताच सांगतात.