टेड विल्यम्स आणि न दिलेलं मत

बेसबॉलच्या पुरस्कारांचा विषय निघाला की हा किस्सा कोणीतरी सांगतंच. १९४७ साली बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स फलंदाजीची सरासरी, होमरन (चेंडू मैदानाबाहेर मारून मिळणारी धाव) आणि आरबीआय (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा) या तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दोन वरिष्ठ लीगपैकी एकीत, पहिला आला. तरी ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’चा, म्हणजे क्रीडा पत्रकारांच्या मतांवर ठरणारा लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओला गेला, तोही एका गुणाने, २०२ विरुद्ध २०१. कारण? बोस्टनच्याच मेल वेब या पत्रकाराने खुन्नस काढली आणि मतपत्रिकेवरच्या दहा नावांत टेडला घेतलंच नाही. नुसतं दहावं स्थान दिलं असतं तरी टेड जिंकला असता. थोडक्यात, क्रीडा पत्रकारांचे पुरस्कार म्हणजे मर्जीचा मामला.

गुण बरोबर आहेत. बाकीचं सैल आहे.

वेबचं नाव पुढे आलं खुद्द टेडमुळे. आत्मचरित्रात त्याने ठपका ठेवला आणि तो चिकटला. बोस्टनच्या वार्ताहरांशी टेडचं उभं वैर होतंच, त्यामुळे कोणी खातरजमा केली नाही. पुढे जे समोर आलं त्यानुसार वेबला त्या वर्षी मतच नव्हतं आणि टेडला वगळणारा पत्रकार मिडवेस्टमधला, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला होता. ज्याच्या हातात मतपत्रिकाच नव्हती, तो माणूस अजून शिव्या खातोय.

आता ‘दहावं स्थान दिलं असतं तरी’. तेव्हा अमेरिकन लीगच्या आठ शहरांतून प्रत्येकी तीन पत्रकार मत देत, म्हणजे २४ मतपत्रिका. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. त्या एका गुणाने टेड २०२वर पोचला असता, म्हणजे बरोबरी. जिंकायला निदान नववं स्थान हवं होतं. किस्सा पसरवणाऱ्यांनी बोटं मोजलेली नाहीत.

आणि खरी गंमत उरलेल्या २३ मतपत्रिकांत आहे, तिकडे कोणी बघतच नाही. टेडला पहिल्या पसंतीची मतं मिळाली फक्त तीन, म्हणजे ४२ गुण. राहिलेले १५९ गुण वीस मतपत्रिकांवर वाटा: प्रत्येकी आठही भरत नाहीत. तिसऱ्या क्रमांकाच्या आसपास! यांकीजचा रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली येणारा चेंडूफेक्या, जो पेज, त्याला पहिल्या पसंतीची मतं सात, टेडच्या दुपटीहून जास्त. टेड हुकला तो एका आकसखोराने नाही, वीस शहाण्यांनी मिळून.

ते चुकले का? माझ्या मते, सपशेल. टेडचे आकडे .३४३, ३२ होमरन, ११४ आरबीआय, वर १६२ वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस). डिमॅजिओचे .३१५, २० आणि ९७. पण यांकीज लीगमध्ये पहिले आणि रेड सॉक्स १४ सामने मागे, तिसरे. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे जिंकणाऱ्या संघाचा कणा, ही त्या काळच्या पत्रकारांची पक्की समजूत. समजूत चुकीची म्हणा हवं तर, पण समजूत आणि सूड यांत फरक आहे.

पटत नसेल तर १९३४ बघा. लू गेरिग: .३६३, ४९ होमरन, १६६ आरबीआय, तिन्हींत पहिला. स्वभावाने इतका सरळ की त्याच्यावर डूख धरायला कोणाला कारण सापडू नये. मतदानात तो पाचवा आला. किताब गेला लीग जिंकणाऱ्या डेट्रॉइटच्या मिकी कॉक्रेनकडे. तिथे कुठला मेल वेब शोधायचा?

आज मतं गुप्त राहत नाहीत, कोणी कोणाला कितवं ठेवलं ते नावानिशी जाहीर होतं. ते बरंच झालं. पण त्या जुन्या, झाकलेल्या पद्धतीतही टेडला हा किताब दोनदा मिळाला. १९४६ला रेड सॉक्सने लीग जिंकली होती, ते सोडून देऊ. १९४९ला मात्र शेवटच्या दिवशी यांकीजकडून हरून त्यांनी लीग घालवली, तरी पत्रकारांनी निवडला टेडच.