दात दाखवा एकदाचे!

अरे ‘ॲबिगेल’ सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनो, गुन्हेगार आहात ना तुम्ही? मग थोडी तरी अक्कल! बारा वर्षांची पोर पळवायची, पाच कोटी डॉलरची खंडणी उकळायची, आणि पोरीचा बाप कोण हे आधी विचारायचंच नाही? आमच्याकडे साधी खोली भाड्याने देताना चार पिढ्यांची चौकशी करतात!

२०२४ चा हा भयपट. सहा अपहरणकर्ते, एक भलामोठा वाडा आणि बॅलेच्या फ्रॉकमधली गोड पोरगी. ती निघते रक्तपिशाच्च! धक्का बसला? मला कसा बसणार? ट्रेलरमध्येच सगळं ओकून मोकळे झाले होते. पडद्यावर बराच वेळ ‘कोण मारतंय आपल्याला’ चाललेलं, आणि मी पॉपकॉर्नचे तळाचे फुटाणे चघळत बसलेय. आटपा की रे!

त्यात लसूण शोधायला जातात आणि हाती येतात कांदे. (यावर हसले मी, खोटं कशाला बोलू.) आणि मारेकरी मोकाट आहे म्हटल्यावर काय करावं? पांगावं! एकेकट्याने अंधारात शिरावं! का? दिव्याचं बटण शोधायलासुद्धा खंडणी हवी का?

पुढच्या वेळी ट्रेलर लागला की मी डोळे मिटून कानात बोटं घालणार. शेजारचे हसोत खुशाल.