एकास वीस

सोसायटीच्या सभेत खजिनदार व्हायला कोणी तयार होईना, म्हणून कोणीतरी माझं नाव पुढे सरकवलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका गरजले, "अरे वा! डार्क हॉर्स!"

मी सुखावलो. डार्क हॉर्स म्हणजे छुपा रुस्तम, निदान टीव्हीवरच्या निवडणूक-चर्चांत तरी. (तिथे सकाळपासून चार तज्ज्ञ एकाच माणसाला डार्क हॉर्स म्हणत असतात. एवढा गाजावाजा झाल्यावर तो डार्क कसला?)

पण काकांची हयात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेली. "सुखावू नका," ते म्हणाले. "डार्क हॉर्स म्हणजे ज्याची धाव कोणी बघितलेलीच नाही असा घोडा. तो चांगला असतो, असं कोण म्हणालं? जरा फिरा बघू."

रेसआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या कुंपणात, लोकांना पारखता यावेत म्हणून घोडे फिरवतात. मी चक्क फिरलो! आमची ही पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेली.

"मागचे पाय बरे आहेत," काका म्हणाले. "दम नाही. लिफ्ट बंद होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच टेकले होते. पावसाळी ट्रॅकवर तर आशाच नको."

"भाव काय, काका?" मागून कोणीतरी चावटपणे विचारलं.

"एकास वीस, म्हणजे जिंकायची आशा कमीच. तेही विन नको, प्लेस लावा; पहिला नाही, पण पहिल्या दोन-तिघांत आला तर आला."

"अहो, उमेदवार एकच आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणून तर वीस. दुसरा असता तर पन्नास दिला असता."

ते हशा वसूल करून बसले. मी घरी येऊन इतिहास उपसला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिन्यात गाठलं. १८४४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाल्टिमोरच्या अधिवेशनात जेम्स पोक यांना पहिल्या सात फेऱ्यांत एकही मत नव्हतं. नवव्या फेरीत उमेदवारी मिळाली आणि गडी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला!

"त्याच्यामागे कोण होतं?"

"अँड्र्यू जॅक्सन. माजी राष्ट्राध्यक्ष."

"बघा. तुमच्यामागे कोण आहे?"

माझ्यामागे आता टँकरवाला आहे, लिफ्टवाला आहे, आणि गळतीवरून रात्री अकराला बेल वाजवणारे वरचे बिऱ्हाड आहे. सभेत पोट धरून हसलेल्यांपैकी एकानेही एक पावती फाडायला मदत केलेली नाही. थकबाकीदारांची यादी काढली, तर सर्वांत वर काका. दिवाळीपासूनचा मेंटेनन्स बाकी.

गेलो मागायला. काका रेसचं पुस्तक वाचत होते.

"घोडा कधी पैसे मागतो का हो?" चष्म्यावरून बघत ते म्हणाले, आणि चण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली.